छातीत फुगे नसतात हो

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत फुफ्फुसांवर अर्धं पान होतं ते वाचलं. मजकूर ठीकठाक होता, पण चित्र बघून राहवेना म्हणून हे पत्र. नातवाच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. चित्रात माणसाच्या छातीत दोन गुलाबी फुगे, दोन्ही अगदी सारखे, आतून पोकळ, आणि खाली ओळ की फुफ्फुसं हवा खेचून घेतात. बाजूच्या चौकटीत आणखी, तीस सेकंद श्वास रोखता आला तर तुमची फुफ्फुसं फिट. अहो मी परळच्या बाजूला एका शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलंय, ह्याच तीन गोष्टी पोरांच्या डोक्यातून काढता काढता रिटायर झाले, आणि तुम्ही एका रविवारात त्या परत घालून ठेवल्या.

फुगा नाही, स्पंज म्हणा. दरवर्षी आठवीच्या वर्गासाठी मी मटणवाल्याकडून बकऱ्याचं फुफ्फुस श्वासनळीसकट आणायचे. पहिल्या वर्षी तो म्हणाला बाई ह्याला चव नाही, पाहिजे तर काळीज देतो, नंतर त्यालाच सवय झाली, शनिवारी सकाळी काळ्या पिशवीत बांधून तयार ठेवायचा. बादलीत टाकलं की ते तरंगतं आणि काळीज बुडतं, इथेच अर्धा वर्ग गप्प व्हायचा. मग नळीला सायकलचा पंप लावायचा. ते चपटं मरगळलेलं मांस हळूहळू फुगत जातं, गुलाबी होतं, बघता बघता परातभर होतं, आणि पंप काढला की कोणी दाबलं नाही काही नाही तरी आपणहून फुस्स करून खाली बसतं. शाकाहारी मुलांना मागे बसायची मुभा होती पण पंप सुरू झाला की पहिल्या बाकावर तीच. शेवटी सुरीने कापून दाखवायचे, आत पोकळी शोधून सापडत नाही, नुसती जाळी आणि नळ्यांची तोंडं. हे एकदा डोळ्याने बघितलेलं पोर जन्मात फुग्याचं चित्र काढणार नाही.

आणि दोन्ही सारखी कुठली? उजवं फुफ्फुस तीन भागांचं असतं, डावं दोनच भागांचं आणि जरा लहान, कारण हृदय त्याच बाजूला कलंडून बसलेलं, डाव्याच्या कडेला त्यासाठी चक्क खाच असते. हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. श्वासनळी दहा-बारा सेंटिमीटर खाली उतरते आणि तिला दोन फाटे फुटतात, त्यातला उजवा फाटा जास्त रुंद, आखूड आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा, डावा मात्र हृदयाला वळसा घालायचा म्हणून तिरका. त्यामुळे चुकून आत गेलेली वस्तू जास्त करून उजवीकडे सापडते. आमच्या चाळीत एका तीन वर्षांच्या पोराला दिवाळीत चिवडा खाता खाता ठसका लागला, मग खोकला थांबला, सगळ्यांना वाटलं गेला दाणा पोटात. चार दिवसांनी छातीत शिट्टी वाजायला लागली. एक्सरेत काही दिसलं नाही कारण शेंगदाणा एक्सरेत दिसतच नाही, पण डॉक्टरांनी कानाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि उजवीकडे हवा कमी जातेय म्हणून दुर्बीण घातली, दाणा उजव्याच नळीत. तेव्हापासून मी लहान मुलांसमोरून शेंगदाण्याची वाटी उचलते, आईबाप रागावले तरी.

आता खरी गंमत म्हणजे हा स्पंज कशाला पाहिजे. त्या दोन फाट्यांना पुन्हा दोन दोन फाटे, असं साधारण २३ वेळा होत जातं आणि सगळ्यात टोकाला द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश, एकेक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढा, दोन्हीकडे मिळून ३० ते ५० कोटी. ते सगळे उलगडून अंथरले तर साधारण ७० चौरस मीटर भरतात. मुंबईकरांच्या भाषेत साडेसातशे स्क्वेअर फूट! मी बीडीडी चाळीत १६० स्क्वेअर फुटांच्या खोलीत वाढले, आम्ही सात जण, आता पुनर्विकासात ५०० मिळणार म्हणून केवढा आनंद, आणि तेव्हा आमच्यातला जो तो छातीत साडेसातशेचा ब्लॉक घेऊन झोपत होता, ओनरशिपचा. तुमच्या चित्रातले तीन तीन लिटरचे दोन फुगे असते ना तर आतून जेमतेम दोन स्क्वेअर फूट जागा भरली असती, मी गणित करून बघितलंय. दोन स्क्वेअर फुटांवर माणूस जगत नाही. हवेतला ऑक्सिजन रक्तात जायचा तो ह्या भिंतीतून जातो, भिंत अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी, आणि पलीकडे रक्ताची अशी बारीक वाट की लाल पेशी एकामागे एक रांगेत जातात. एका पेशीला तिथे मिळतो फक्त पाऊण सेकंद. तेवढ्यात तिने ऑक्सिजन चढवून घ्यायचा. दादरला गाडी थांबते त्याहून किती कमी वेळ बघा, आणि तरी कोणी फलाटावर राहत नाही. आपण स्वस्थ बसलेलो असतो तेव्हा तर पहिल्या पाव सेकंदातच काम होतं, उरलेला वेळ राखीव, जिने चढताना उपयोगी पडतो. सगळ्या अंगाचं रक्त, मिनिटाला पाचेक लिटर, ह्या जागेवरून जातं.

चित्रात फुफ्फुसाकडे जाणारी रोहिणी लाल दाखवलीये, तीही चूक. अंगातल्या बाकी रोहिण्या ऑक्सिजनवालं रक्त नेतात, ही मात्र वापरलेलं रक्त घेऊन येते, निळीच काढायची. हा प्रश्न मी दर परीक्षेला घालायचे.

बरं, खेचणं. फुफ्फुसाला स्वतःचा असा स्नायू नाही की ते उठून हवा ओढेल. बकऱ्याचं फुफ्फुस बादलीत स्वतःहून एकदाही फुगलं नाही. काम करतं ते खालचं श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटासारखा पातळ स्नायू. तो आकसला की सपाट होऊन खाली सरकतो, शांत बसलेलो असताना सेंटिमीटर दोन सेंटिमीटर फक्त, जोरात श्वास घेतला तर आणखी बराच, सोबत बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपणच आत येते. जागा झाली म्हणून आली. साधा श्वास सोडताना तर काहीच करावं लागत नाही, पटल सैल पडतं आणि स्पंज मघाशी सांगितलं तसा आपणहून बसतो. हे दाखवायला मी प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापून तिथे फुग्याचं रबर ताणून बांधायचे आणि आत नळीला एक छोटा फुगा, रबर खाली ओढलं की आतला फुगा फुगतो, त्याला कोणी फुंकर घातलेली नसते. (हो, मीच फुगा वापरला, माहितीये. पण मी वर्गात आधीच सांगायचे की फुगा हा फक्त नाटकातला नट आहे.)

हे कळलं ना की लोकलमधलं गुदमरणंही कळतं. सकाळी पावणेनऊच्या फास्टला दारात अंग दाबलं गेलं की जीव घाबरा होतो, लोक म्हणतात हवा येत नाही, खिडकी उघडा. अहो दारातून वारा नुसता भणाणत असतो! हवा भरपूर आहे, बरगड्या हलायला जागा नाहीये. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्या जिन्यावरून मी अख्खी नोकरी ये-जा केली होती. बंद खोली नाही काही नाही, बाहेर पाऊस पडतोय आणि माणसं जातात कशी असं तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं. अशा गर्दीत माणूस तुडवला जाऊन जातो त्यापेक्षा जास्त वेळा उभ्या उभ्या जातो, छाती चहूबाजूंनी आवळली की नाक उघडं असून काही उपयोग नाही. पुलांची रुंदी हा फुफ्फुसांचा विषय आहे असं मी तेव्हाही म्हणत होते, तुमच्याच पेपरला पत्र टाकलं होतं, छापलं नव्हतं.

एक राहिलंच, ते वायुकोश आतून ओले असतात. ओल्या दुधाच्या पिशवीच्या आतल्या बाजू कशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे हे कोटी कोटी फुगवटे प्रत्येक श्वासाला चिकटायला बघतात. चिकटत नाहीत कारण तिथल्याच काही पेशी साबणासारखा एक पदार्थ सोडतात, त्याने पाण्याचा ताण मोडतो. पोटातल्या बाळात हा पदार्थ सहाव्या महिन्याच्या आसपास तयार व्हायला लागतो आणि पुरेसा होतो जवळजवळ ३४-३५ व्या आठवड्याला. लवकर जन्मलेली बाळं श्वास घेता घेता थकून जायची ती ह्याच्या कमतरतेमुळे, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवून दिलं, तोवर कारणच नीट माहीत नव्हतं. कारण कळलं तरी औषध यायला वेळ गेला, १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं बाळ दोन दिवसांत ह्यानेच गेलं, जगातले सगळ्यात मोठे डॉक्टर हाताशी असून. आता तो पदार्थ नळीने थेट बाळाच्या फुफ्फुसात घालतात. आमच्या भाचीचं बाळ आठव्या महिन्यातलं, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायका आधीच डोळे पुसायला लागल्या, कारण आपल्याकडे पक्कं ठरलेलं, सातव्यातलं जगतं आठव्यातलं जगत नाही. उलट आहे बायांनो, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या छातीला हवाच असतो. ती पोरगी आता कबड्डी खेळते आणि तिचा दम आख्ख्या टीमला पुरतो.

दम म्हटल्यावर तुमची ती तीस सेकंदांची चौकट. करोनात पण हा फॉरवर्ड फिरत होता, दहा सेकंद श्वास धरा, खोकला नाही आला तर तुम्हाला काही झालेलं नाही. श्वास धरल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन संपला म्हणून नसते, कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून असते, मेंदूच्या देठाशी त्याचा पहारेकरी बसलाय आणि तोच आरडाओरडा करतो. ऑक्सिजन कमी झाल्याची ओरड फार उशिरा होते. म्हणून तर २०२० आणि २१ मध्ये माणसं फोनवर व्यवस्थित बोलत होती आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ऐंशी दाखवत होता, घरचे म्हणायचे मशीन खराब आहे. रोखण्याची सवय केली की वेळ वाढतो, त्यात फुफ्फुसाच्या तब्येतीपेक्षा हट्टाचा भाग जास्त. आणि पोहायला जाणारी मुलं पाण्याखाली जास्त वेळ राहायची पैज मारतात, बुडी घेण्याआधी भराभर खोल श्वास घेतात, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पहारेकऱ्याला मात्र झोप लागते, मग तगमग न होताच पाण्याखाली शुद्ध जाते. असल्या चौकटी वाचूनच पोरं पैजा लावतात, एवढंच सांगते.

आणखी एक तुमच्या लेखातलं, 'पूर्ण श्वास बाहेर सोडून सगळी अशुद्ध हवा काढून टाका'. काढता येतच नाही. कितीही जोर लावला तरी लिटर सव्वा लिटर हवा आत राहतेच, राहायलाच हवी. साध्या श्वासाला अर्धा लिटर हवा आत येते, त्यातली दीडशे मिली नळ्यांमध्येच थांबून परत जाते, वायुकोशांपर्यंत साडेतीनशेच पोचते, तीही आधीच्या दोन अडीच लिटर हवेत मिसळते. आत येताना ऑक्सिजन २१ टक्के, बाहेर जाताना १६ टक्के, म्हणजे सोडलेल्या हवेतही पुष्कळ शिल्लक असतो, म्हणून तर तोंडाने दिलेला श्वास दुसऱ्याला पुरतो. प्राणायाम करू नका असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः करते, बरं वाटतं. पण फुफ्फुस म्हणजे धुऊन पालथी घालायची बाटली नव्हे.

हे जरा तिखट लिहिलं गेलं त्याला कारण आमचे अण्णा. गिरणीत कार्डिंगला होते, तिथे कापूस पिंजला जातो, हवेत धुकं पडल्यासारखी किटाळं, भुवया पांढऱ्या करून घरी यायचे. सगळे कामगार गूळ खायचे, गुळाने कापूस पोटात उतरतो म्हणे. गूळ जातो अन्ननलिकेतून आणि कापूस बसलेला असतो दुसऱ्याच नळीत, घशाशी एक झाकण आहे ते ह्या दोन वाटा एक होऊ देत नाही. घसा ओला होत असेल तेवढाच. अण्णांना दर सोमवारी छाती आवळल्यासारखी व्हायची, आई म्हणायची रविवारच्या सुट्टीची खोड आहे, कामाचा कंटाळा. गणपतीला पंधरा दिवस गावी राहून आले की पहिल्या पाळीला हमखास. मी बी.एस्सी.ला असताना कॉलेजच्या लायब्ररीत बिसिनोसिसवर वाचलं, कापसाच्या धुळीचा आजार, आणि त्याची खूणच ही लिहिलेली, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जड होते. तिथेच बसून रडले. तोपर्यंत १८ जानेवारी १९८२ चा संप होऊन गेला होता, कापूस सुटला होता, दम लागणं काही सुटलं नाही.

म्हणून सांगते, आत काय जातं ते बघा. नाक मोठी धूळ अडवतं, हवा गरम आणि ओली करतं, पुढे नळ्यांना चिकट थर आणि त्यावर बारीक बारीक केस, ते सेकंदाला दहा-बारा वेळा हलून सगळं घशाकडे ढकलतात, सिगारेटने हेच केस मलूल पडतात आणि मग सकाळची ती ओळखीची खोकल्याची मैफल. पण ही व्यवस्था नळ्यांपुरती. वायुकोशात केस नाहीत, तिथे फक्त सफाई कामगार पेशी, आल्या कणाला गिळत बसतात. अडीच मायक्रॉनचे कण, केसाच्या विसाव्या तिसाव्या हिश्श्याएवढे, थेट तिथवर जातात. आता आमच्या गिरण्यांच्या जागी टॉवर चढतायत, ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेने मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायचे नियम काढले, चांगलं केलं, खिडकीच्या तावदानावर बोट फिरवून दिसते ती धूळ त्याने कमी होईल. पण जी दिसते ती बरीचशी नाकाघशातच अडते. आत जाते ती दिसत नाही आणि ती पत्र्यावरून आरामात येते, हिवाळ्यात वारा पडला की हलतही नाही. तुमच्या अर्ध्या पानात ह्यावर एक ओळ नव्हती, आलं-मधाचा काढा मात्र होता.

तर चित्र परत छापणार असाल तर चित्रकाराला एवढं सांगा, समोरून बघताना डावं फुफ्फुस आपल्या उजव्या हाताला येतं, ते लहान काढायचं, हृदयाची खाच विसरायची नाही, उजव्याचे तीन भाग, आतून झाड, खाली श्वासपटलाचा घुमट आणि तो उजवीकडे जरा वर कारण त्याच्याखाली यकृत आहे. बाटलीचं मॉडेल माझ्या माळ्यावर अजून आहे. खालचं रबर दर दोन वर्षांनी चिकट होतं, ते बदलावं लागेल. माणूस पाठवा, मी चारनंतर घरीच असते. बकऱ्याचं हवं असेल तर मात्र आधी सांगा, मटणवाल्याला शुक्रवारीच निरोप द्यावा लागतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ
(नाव छापू नये, मटणवाला वाचतो)